रॉबिनबाईंची टोपली

आमच्या थॉर्नबेक गावात सगळ्यात देखणी फुलांची टोपली कुणाच्या दारावर टांगलेली असते, हे शेंबड्या पोरालाही विचारा. तो मर्टलच्या घराकडे बोट दाखवेल. मर्टल म्हणजे मी! दर जुलैत परीक्षक दारोदार फिरून टोपल्या बघतात आणि चांदीचा चषक पुन्हा माझ्याच शेल्फावर येऊन बसतो. समोरच्या बेरिलचा त्यावर कधीपासून डोळा आहे.

यंदा मात्र मला निसर्गसेवेची अवदसा आठवली. चर्चच्या पत्रिकेत आलं होतं, प्रत्येकाने पाखरांसाठी निदान एक लाकडी पेटी लावावी. माझ्या नवऱ्याने, डेसमंडने, बोटं ठेचून घेत पेटी बनवली आणि मागच्या दाराशी ठोकली. पाखरू एक आलं नाही. भुंगे आले! ढीगभर! मागच्या दाराने ये-जा बंद झाली.

आणि आमच्या बागेतल्या रॉबिन पक्षिणीने, रॉबिनबाईंनी, घरटं कुठे बांधावं? पुढच्या दारावरच्या माझ्या टोपलीत, ऐन पेट्युनियाच्या फुलांच्या मधोमध.

मी पाणी घालायला झारी उचलली, तोच रस्त्यापलीकडून हाक आली.

"मर्टल, थांब. आत अंडी आहेत. घरट्याला त्रास देणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

बेरिलच ती. गळ्यात दुर्बीण. ही बया नेमकी त्याच आठवड्यात गावच्या पक्षिमित्र मंडळात शिरली होती.

"अगं, नुसतं पाणी घालतेय."

"अंडी गारठतील. आणि ते दारही बंदच ठेव. आपटलं की ती बिचारी उडते."

"मग मी माझ्या घरात शिरू कुठून?"

"खिडकी आहे की."

झालं. तेव्हापासून आम्ही दोघं या वयात खिडकीतून ये-जा करू लागलो. पाद्रीबाबा चहाला आले, तेही खिडकीतून, माझ्या जिरेनियमच्या कुंडीत पाय देऊन. बेरिल मात्र अंगणात खुर्ची टाकून पहारा करायची आणि मधून मधून उठून स्वतःच्या टोपलीला पाणी घालायची. माझ्या डोळ्यांदेखत! मी एकदा औषधाच्या ड्रॉपरने चार थेंब सोडायला गेले, तर तिथून लगेच "मर्टल!" माझी पेट्युनिया उकडलेल्या कोबीसारखी लोंबायला लागली.

"हे पक्षिप्रेम नाही," मी डेसमंडला म्हटलं, "हा चषक लाटायचा डाव आहे."

"पिल्लं गोड आहेत गं," तो म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"पिल्लांच्या."

परीक्षणाचा दिवस उजाडला. जुना चषक परत द्यायचा असतो, म्हणून तो काखेत मारून मी खिडकीतून खाली उतरले. परीक्षक पेटिफरसाहेबांनी माझ्या टोपलीकडे पाहिलं आणि मयताला आल्यासारखी हॅट काढली. मग आम्ही सगळे रस्ता ओलांडून बेरिलच्या दारात गेलो. तिची टोपली नुसती फुलांनी लगडलेली. "वा," म्हणत साहेबांनी चषकासाठी माझ्यापुढे हात केला. मी तो आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात माझ्या टोपलीतून एक पिल्लू फडफडत निघालं आणि थेट बेरिलच्या पायरीवर येऊन आदळलं. वर खिडकीच्या कट्ट्यावर, तिच्या टोपलीच्या खालीच, तिचा लठ्ठ बोका दबा धरून बसलेला. त्याने अंग आखडलं. माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं हो! मी चषक भिरकावला.

बोका पसार. पिल्लू सुखरूप कुंपणात शिरलं. चषक लागून बेरिलची टोपली मात्र कडीसकट तुटली आणि मातीसकट पेटिफरसाहेबांच्या बुटांवर आली.

"मुद्दाम केलंस!" बेरिल किंचाळली.

"तुझा बोका होता तिथे!"

"कुठे आहे बोका?"

आता तो कुठून दाखवू? चेपलेला चषक शेवटी कोपऱ्यावरच्या खाटकाला गेला. त्याच्या टोपलीत कशीबशी दोन फुलं! आणि मी पिल्लाचा जीव वाचवला, त्याचं कुणाला काही नाही. सगळं गाव म्हणतं, मर्टलने जळफळाटाने टोपलीच पाडली.

माझ्यावर विश्वास आहे तो एकट्या डेसमंडचा. मला भरून आलं. "खरंच तुला वाटतं, मी चषक बोक्यावरच फेकला?" मी विचारलं.

"अर्थात," तो म्हणाला. "टोपलीवर नेम धरला असतास, तर बोक्याला लागला असता."