बिनदारूचा नळ

शनिवारी सकाळी गेथिन प्रॉसर आपल्या पबच्या तळघरातून वर आला तो शीळ घालतच. बिअरच्या सगळ्या नळ्या त्याने आज स्वतःच्या हाताने धुतल्या होत्या, आणि पिंपांना परत जोडल्या होत्या.

"नळ्यांना रंगीत पट्ट्या लावल्यास का?" त्याच्या बायकोने, डेलिथने, बटाटे सोलता सोलता विचारलं. "बिनदारूचं आणि कडक, दोन्ही पिंपं एकाच कंपनीची आहेत. दिसायला जुळी भावंडं."

"मी काय काल पब उघडलाय? डोळे बांधून सोड मला तळघरात. कुठली नळी कुठल्या पिंपाची ते नुसतं हात लावून सांगेन."

"डोळे उघडे ठेवून सांगितलंस तरी पुरे," डेलिथ म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

नँतवेन गावात 'पांढरा मेंढा' हा एकुलता एक पब, आणि गेथिनइतका काटेकोर मालक त्या डोंगराळ मुलखात दुसरा नव्हता. वयाचा पुरावा दाखवल्याशिवाय तो कोणालाही ग्लास भरून देत नसे. भाचीच्या लग्नाची पार्टी पबमध्येच होती, तेव्हा त्याने खुद्द नवरदेवाकडे वयाचा दाखला मागितला होता आणि भाची आजही त्याच्याशी तुटक बोलत होती. कुणाची जीभ जरा जड झाली की गेथिन त्याचा ग्लास उचलायचा, गाडीची किल्ली काढून घ्यायचा आणि मागच्या खिळ्याला अडकवायचा. "माझ्या दारातून बाहेर पडलेला माणूस सरळ घरी पोचला पाहिजे," हे त्याचं वाक्य गावाला पाठ होतं.

पण हे सगळं ज्या एका व्यक्तीला पटवायचं होतं, तिला ते पटत नव्हतं. मोर्फिद बेनन. गावच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली, लग्न न केलेली, चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, गायनवृंदाची प्रमुख. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलेलं, त्यात गेथिनही. मागच्या वर्षी त्याने पबमागच्या बागेत टेबलं मांडायची परवानगी मागितली, तर भर ग्रामसभेत मोर्फिदबाई उठून म्हणाल्या, "आधी आतल्या टेबलांवरची माणसं सरळ चालायला शिकू देत." परवानगी गेली ती गेलीच.

म्हणून गेथिनने यंदा बिनदारूच्या बिअरचा नळ बसवला होता. चवीला, रंगाला, फेसाला अगदी खऱ्यासारखी. आणि शेजारच्या गावातल्या गाण्याच्या स्पर्धेहून गायनवृंद या शनिवारी परत येणार होता, त्याच्या दोन दिवस आधी चॅपलच्या सभागृहातली शेगडी बंद पडली, तेव्हा गेथिन स्वतः बाईंच्या दारात गेला. "बाई, चहाफराळ माझ्याकडे. गरम खोली आहे. दारूचा थेंब तुमच्या ओठाला लागणार नाही, ही माझी जबाबदारी."

बाईंनी त्याच्याकडे जुन्या सवयीने चष्म्याच्या वरून पाहिलं. "बघू तुझी जबाबदारी," त्या म्हणाल्या.

दुपारी बस आली. गायनवृंदाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. काळे कोट, टोप्या आणि उत्साहाने फुललेले चेहरे घेऊन सगळ्या बायका आत शिरल्या. मागोमाग इद्वल, बस चालवणारा. चॅपलचा कारभारी असलेल्या या माणसाने जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. पबच्या दुसऱ्या टोकाला टीव्हीवर रग्बीचा सामना चालू होता आणि रोजची मंडळी तिथे दाटीवाटीने बसली होती.

"हा पाहा बाई, बिनदारूचा नळ," गेथिन अभिमानाने म्हणाला. "चहा आहेच, पण आज जिंकून आलात, हिची चव बघा."

"नक्की बिनदारूचा?"

"बायबलवर हात ठेवून सांगतो."

"बायबलला यात ओढू नकोस. माझ्या डोळ्यांत बघून सांग."

गेथिनने डोळ्यांत बघून सांगितलं. बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे."

"जवाचा कडूपणा, बाई. तब्येतीला उत्तम."

"काढ्यासारखी लागते," बाई म्हणाल्या, "म्हणजे गुणकारी असणार," आणि त्यांनी सगळ्यांना एकेक घ्यायला सांगितलं. इद्वलला तर गेथिनने मोठा ग्लास भरून दिला. "गाडी चालवणाऱ्याला आमच्याकडून हवी तितकी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

तिकडे टीव्हीपाशी एकाने ग्लास उजेडात धरला. "गेथिन, आज पातळ लागतेय रे."

"नळ्या धुतल्यात. इतके दिवस मळ पीत होता, आज बिअर पिताय."

हे मंडळींना पटलं. सामना रंगला तसा आरडाओरडा वाढला. त्यांच्यात एल्गन प्यू होता. साठीला टेकलेला, एकटा राहणारा मेंढपाळ. शाळेची बसही तोच चालवायचा. मेंढ्यांशी तो पूर्ण वाक्यात बोलायचा, माणसांशी अर्ध्या. पण आज तोही टेबलावर मूठ आपटत होता, शेजाऱ्याला मिठी मारत होता. अशा वेळी काय होतं हे वर्षानुवर्षांच्या सवयीने शरीराला माहीत असतं. ग्लासात काय आहे हे शरीर कुठे बघायला जातं?

इकडे गायनवृंदाने एक स्तोत्र म्हटलं. सुरेख झालं. मग दुसरं म्हटलं, थोडं जलद. तिसऱ्या गाण्याला स्तोत्र म्हणता आलं नसतं, कारण त्यात एक खलाशी होता आणि तीन बंदरं होती. मोर्फिदबाईंनी आपली टोपी काढून इद्वलच्या डोक्यावर ठेवली आणि त्या केक कापायच्या सुरीने ताल देऊ लागल्या.

"बक्षिसाचा आनंद आहे," गेथिन डेलिथला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. चॅपल आणि पब एका छपराखाली गात होते, आणि तेही दारूशिवाय!

गाणं संपलं आणि एल्गन उभा राहिला. हातातला ग्लास त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"मोर्फिद," तो म्हणाला. सगळे गप्प झाले, कारण एल्गनचा इतका मोठा आवाज कोणी ऐकलाच नव्हता. "तू सकाळी खिडकी उघडून गातेस ना, तेव्हा वर कुरणात माझ्या मेंढ्या चरायच्या थांबतात. मीही थांबतो. कित्येक वर्षं थांबतोय. माझ्याशी लग्न करशील?"

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

"इतकी वर्षं काय मेंढ्यांची संमती घेत होतास?" मोर्फिदबाई म्हणाल्या. त्यांचे गाल लालबुंद झाले होते. "करीन की. न करायला काय झालं?"

जो गलका उठला त्यात सामना कोण जिंकलं हे कोणाला कळलंच नाही. पण गेथिनमधला जबाबदार माणूस जागा झाला. तो तरातरा एल्गनपाशी गेला आणि त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला.

"बास झालं, एल्गन. तुला आता मिळणार नाही. किल्ली दे इकडे."

एल्गनचा चेहरा एकदम उतरला. "मला चढलीय का?"

"चांगलीच."

"असेल," एल्गन हळूच म्हणाला. "नाहीतर माझ्या तोंडून हे निघालं असतं होय?" त्याने किल्ली दिली आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला.

"मनावर घेऊ नका, बाई," गेथिन मोर्फिदबाईंपाशी येऊन म्हणाला. "प्यायलाय बिचारा. तुम्ही घाबरला असाल. ही घ्या, जरा बरं वाटेल." आणि त्याने त्यांचा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.

एवढ्यात इद्वल उठला. डोक्यावर बाईंची टोपी तशीच. "चला, उशीर झाला," म्हणत तो ठाम पावलं टाकत निघाला, त्याने झाडू ठेवायच्या कपाटाचं दार उघडलं, आत पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला आणि मागे वळून ओरडला, "सगळ्या बसल्या का? दार लावून घ्या!"

गेथिन पोट धरधरून हसला. मग त्याचं हसू हळूहळू मंदावलं. त्याने इद्वलकडे पाहिलं. इद्वल हवेत गिअर टाकत होता. गेथिनने बिनदारूच्या नळाखाली बोट धरलं आणि चाटलं.

तळघराच्या पायऱ्या तो कसा उतरला हे त्याला आठवत नाही. दोन पिंपं शेजारी शेजारी उभी होती. बिनदारूच्या नळाची नळी गेली होती ती 'थोरला बोकड' नावाच्या, त्याच्याकडच्या सगळ्यात कडक बिअरच्या पिंपात. आणि बोकडाची नळी बिनदारूच्या पिंपात. तळघरात बारा महिने थंडी असते, पण गेथिनच्या कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या. डोळे बांधून सांगेन म्हणाला होता तो. अख्ख्या गायनवृंदाला त्याने स्वतःच्या हातांनी पाजली होती, डोळ्यांत बघून. आणि बस चालवणाऱ्याला हवी तितकी.

त्याने दोन्ही पिंपं बंद केली. वर येऊन खरं सांगायचं म्हणून तो पायरीवर उभा राहिला. वरून बाईंचा आवाज आला, "गेथिन चांगला मुलगा आहे हो! उगीच बोलले मी सभेत!" आणि त्याचा धीर सुटला. तो मागच्या दाराने बाहेर गेला, बसपाशी पोचला आणि चाकाजवळ उकिडवा बसला.

"काय चाललंय?" मागून डेलिथचा आवाज आला.

"हवा... हवा कमी वाटतेय चाकात."

"वाटतेय, का तू काढतोयस?"

गेथिनने मान खाली घातली. चाकात हवा भरायच्या तोंडावरची टोपी त्याच्या हातात होती, ती लपवायचा प्रयत्न त्याने केला नाही. "चाक पंक्चर आहे म्हटलं की सगळे थांबतील. तोवर उतरेल. कोणाला कळायचं नाही." मग त्याने सगळं सांगितलं.

डेलिथने त्याच्या हातातली टोपी घेतली आणि परत चाकाला बसवली. 

"त्या बायकांतल्या कितीजणी कसल्या गोळ्या घेतात, माहितीय तुला?" ती म्हणाली. "एखादी आजारी पडली तर? आपण काय प्यायलो तेच तिला ठाऊक नाही. आणि तुला स्वतःच्या नाकाची पडलीय. ऊठ."

गेथिन उठला. आत जाऊन त्याने काउंटरवरची घंटा वाजवली. सगळ्यांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं, ते त्याला फारच झोंबलं.

"मंडळी, माझ्या हातून चूक झालीय," तो म्हणाला. "नळ्या उलट्या जोडल्या गेल्या. म्हणजे जोडल्या मी. चॅपलच्या मंडळींनी जी घेतली, ती बिनदारूची नव्हती. कडक होती. मी सगळ्यांची माफी मागतो. कोणी गोळ्याऔषधं घेत असेल तर लगेच डेलिथला सांगा, डॉक्टरांना फोन करतो. आणि इद्वल बस चालवणार नाही."

 कपाटातून इद्वल म्हणाला, "कुणाचा स्टॉप आला?"

मग दोन गोष्टी एकदम घडल्या. गायनवृंदातल्या बायका हळूहळू खाली बसल्या, एकमेकींकडे न बघता, आणि आपापल्या टोप्या शोधू लागल्या. खलाशाचं गाणं सुरू कोणी केलं होतं, यावर कुजबुज झाली. आणि टीव्हीपाशी एकजण सावकाश म्हणाला, "थांब. नळ्या उलट्या म्हणजे... आम्ही दुपारपासून काय पितोय?"

"जवाचं पाणी," गेथिन म्हणाला.

त्या मंडळींचे चेहरे बायकांपेक्षाही पडले. एकाने जवळच्या मित्राच्या गळ्यातला आपला हात काढून घेतला. एकजण टेबलावर उभा होता, तो गुपचूप उतरला. आणि सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. एल्गन प्यू भिंतीचा रंग पाहत होता. त्याचा एकच आधार होता, की आपल्याला चढलीय. तो आता काढून घेतला गेला होता.

डॉक्टर येऊन गेले. पाणी, पाव आणि विश्रांती एवढंच लागेल म्हणाले. इद्वलला कपाटातून बाहेर काढताना त्याने तिकीट मागितलं. आता एवढ्यांना घरी पोचवायचं कोणी? गावात बस चालवू शकणारा दुसरा माणूस एकच होता. गेथिन खिळ्यावरची एल्गनची किल्ली आणि इद्वलकडची बसची किल्ली घेऊन त्याच्यासमोर गेला. दुपारभर एल्गन फक्त बोकडाच्याच नळाचं पीत होता, याची खात्री त्याने दोनदा करून घेतली.

"एल्गन, मी तुला सगळ्यांदेखत दारुडा ठरवलं. चुकलो. बस नेशील का?"

"ती बसेल का पण त्यात?" एल्गन पुटपुटला.

मोर्फिदबाई बसल्या. अगदी मागच्या बाकावर, डोळे मिटून. सबंध रस्ताभर कोणी एक सूर काढला नाही म्हणतात.

रविवारी गेथिनने पब उघडला नाही. सोमवारी सकाळी परवाना खात्याला त्याने आपणहून फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. साहेबाने बराच वेळ ऐकून घेतलं, मध्ये एकदा रिसीव्हरवर हात ठेवून तो हसल्यासारखं वाटलं, मग गंभीरपणे म्हणाला की तपासणीला येऊ. गेथिन फोन ठेवून वळला, तर दारात मोर्फिदबाई उभ्या.

"चहा," त्या म्हणाल्या. गेथिनने चहा केला. 

"बाई, मी कोणत्या तोंडाने..."

"तोंड एकच आहे तुला. गप्प बस आणि मला सांग. एल्गन खरंच शुद्धीवर होता?"

"पूर्ण. त्याच्या आईच्या मांडीवर होता तेव्हा असेल तेवढाच."

बाईंनी घोट घेतला. "आणि मी नव्हते."

"तुमचा काय दोष, बाई! तुमच्या होकाराला कोणी धरून बसणार नाही. सगळ्या गावाला माहीत आहे, माझ्यामुळे झालं ते. मी स्वतः एल्गनला समजावतो."

"तू कुणाला काही समजावू नकोस, पुरे झालं तुझं," बाई म्हणाल्या. "मी जन्मात कुठलीही गोष्ट दारूच्या माथी मारलेली नाही. आता या वयात ती सवय लावून घेऊ?"

 बाईंचे कान लाल झाले होते आणि आज त्यांनी चहाशिवाय काही घेतलेलं नव्हतं.

"बाहेर गाडीत बसलाय तो," त्या कपात बघत म्हणाल्या. "आत यायची लाज वाटते म्हणतो. जा, बोलाव. आणि त्याला काय देशील ते आधी चाखून दे."

गेथिन बाहेर गेला आणि एल्गनला जवळजवळ हाताला धरून आत घेऊन आला. एल्गन आणि बाई समोरासमोर बसले आणि दोघांनीही टेबलाकडे पाहिलं. गेथिनने एल्गनसाठी चहा ओतला, एक घोट चाखला, मग लक्षात आलं की आता हा कप उष्टा झाला, आणि दुसरा ओतला.