बाबलीच्या गाडीचे तीन थांबे

सुपरवायझर गौरेशने टेबलावर कागद आपटला. खाणीतून नदीवरच्या जेटीवर खनिज वाहणाऱ्या प्रत्येक ट्रकला जीपीएस बसवलेला होता, आणि कागद त्याचाच होता.

"बाबलीदादा, खाणीवरसून जेटी बारा किलोमीटर. तितक्यात तुमची गाडी तीनदा थांबता. रोज! कित्याक?"

"गाडी तापता."

"गेल्या वर्षाची नवी गाडी तापता?"

छप्पन्न वर्षांच्या बाबलीला खरे कारण ठाऊक होते, पण जीभ रेटत नव्हती. चार महिने त्याला घडीघडी लघवीला जावे लागे, आणि गेले तरी धार काही धड लागत नसे. पन्नाशीनंतर प्रोस्टेटची तपासणी करून घ्या, असे खाणीवर भरलेल्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी माइकवरून सांगितले होते. पण रांगेत कुजबुज सुरू झाली, की कॅन्सर-बिन्सर सगळे थोतांड, म्हातारे ड्रायव्हर हुडकून घरी बसवायचा हा डाव आहे. रांग पांगली. बाबली सगळ्यांत पुढे पळाला होता.

"माल विकतास की डिझेल काडतास?" गौरेशने दरडावले.

"डिझेल," बाबली बोलून गेला. चोर म्हटले तर चालेल, पण चारचौघांत हे कसे सांगायचे?

गौरेशने टाकी मोजली. डिझेल थेंबभरही कमी नव्हते. न केलेली चोरी कबूल करतो, म्हणजे भानगड भलतीच मोठी असणार! तिसरा थांबा मये गावात, शेवंतीच्या चहाच्या टपरीजवळ होता. गौरेशने सरळ बाबलीच्या बायकोला, सुमंगलाला, फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सुमंगला मयेला काजूच्या झाडाआड दबा धरून बसली. ट्रक थांबला. बाबली टपरीकडे ढुंकूनही न बघता झाडाकडे धावत आला, आणि बायकोसमोरच उभा ठाकला.

"कोण ती?"

"सरक गो, मागीर सांगतंय!"

"आत्ताच सांगा!"

"शेवंती! शेवंतीच ती! आता तरी सरक!"

सुमंगलाने टपरीकडे पाहिले. सत्तरीची शेवंती चष्मा शोधत होती. मग तिने झाडाकडे पाहिले. बाबली लघवीला उभा होता तो उभाच. तिचा राग गेला.

"किती दिवस ह्या असा?"

"चार म्हयने."

"माझो बापूस असोच गप रवलो आणि गेलो," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळले. "माका तुमी होये आसात. चोर असलात तरी चलात."

मग ती पदर खोचून ट्रकमध्ये चढली. भरलेला ट्रक जेटी सोडून तालुक्याच्या इस्पितळाकडे वळला, तेव्हा गौरेशने सतरा वेळा फोन केला.

रक्त झाले, बाकीची तपासणी झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, फक्त प्रोस्टेटची ग्रंथी वाढली आहे. रोज गोळी घ्या आणि वर्षाने पुन्हा या.

महिन्याने गौरेश पुन्हा कागद नाचवत आला. सगळे ड्रायव्हर जमलेलेच होते.

"तुमची गाडी आता खयच थांबणा नाय! जीपीएस काडून ठेवलास काय?"

आता बाबलीची भीड चेपली होती. त्याने गोळ्यांचे पाकीट काढून सगळी कथा, काजूच्या झाडासकट, मोठ्याने सांगितली. ड्रायव्हर पोट धरून हसले. मग एकेक जण ते पाकीट हातात घेऊन न्याहाळू लागला.

गौरेशने सगळ्यांना कामाला पिटाळले. मागे वळून पाहिले, आणि बाबलीच्या कानाशी लागला.

"दादा, त्या तपासणीक उपाशी जावचा लागता?"