गावकीची झोप

रामनवमीला नऊ दिवस उरले असताना चुडामण मिस्त्रीच्या ध्यानात आलं की आपण बांधलेला रथ जातो, पण परत येत नाही.

निंबखेड्याचा जुना रथ वाळवीनं खाऊन टाकला होता. नवा करायचं ठरलं तेव्हा गावचे पाटील कौतिकआबा यांनी एकच माप सांगितलं, "शेजारना गावना रथपेक्षा दोन हात लांब." मिस्त्रीनं सागाचा, चारी बाजूंनी कोरीव कमानींचा, खरोखरच दोन हात लांब रथ उभा केला. देवळापासून पांझरा नदीच्या घाटापर्यंत रस्ता सरळ. ओढून पाहिला तेव्हा तिथवर तो ऐटीत गेला. पण घाटावर, जिथं जुना रथ बकरीसारखा जागच्या जागी वळायचा, तिथं हा नवा एका अंगानं लीलाधर शेटच्या भिंतीला घासला आणि दुसऱ्या अंगाचं चाक नदीत डोकावू लागलं. शेवटी दोर मागच्या बाजूला बांधून रिकामा रथ उलटा ओढत आणावा लागला.

"रामनवमीले बी आसाच आनूत ना," वना लोहार म्हणाला. तो मिस्त्रीचा लहानपणापासूनचा सोबती. रथाच्या चाकांना लोखंडी धावा त्यानंच चढवल्या होत्या.

"आनि राम देऊयकडे पाठ करीसन बठई?" आबा गरजले. "देव पाठमोरा घर उना तर गावनं कल्याण बी पाठमोरंच ई!"

"मंग घाटवर मूर्ती उचलीसन फिरावा."

"एक डाव देव रथमा बठना का वाटमा त्याले हात लावतस नई. मना आजाना आजानी बी लावा नई."

रथ कापावा तर वेळ नव्हता. भिंत पाडावी तर लीलाधर शेट भिंतीपुढे स्वतः आडवा पडायला तयार होता. "मिस्तरी, इचार कर," असं सांगून आबा पानाला चुना लावू लागले, आणि मिस्त्री विचार करत घरी आला.

घरी कोणी नव्हतं. संक्रांतीपासून नव्हतं.

सुताराच्या घरची खाट तीन पायांची असते म्हणतात. मिस्त्रीची चार पायांची होती, पण चौथा पाय पाहुण्यासारखा होता. मनात आलं तर थांबायचा. बायकोनं, शेवंताबाईनं, अख्खा पावसाळा सांगितलं, "खाट नीट करा." मिस्त्री रंधा मारता मारता "हूं" म्हणत राहिला. संक्रांतीला पिंपळनेरहून तिची आई मंदाबाई आली, आणि मानाची म्हणून तिला खाटेवर बसवलं. मंदाबाईंचा मान मोठा, वजनही मोठं. त्यांना उठवायला चार जण लागले. "जो मानूस आयकत नई, त्याना घर आंडेर ठेवानी नई," असं म्हणून त्या कंबर धरून निघाल्या त्या लेकीला घेऊनच.

मिस्त्रीनं त्याच दिवशी खाटेला चारही पाय नवे बसवले. आता तीवर हत्ती बसला असता. पण बसणारं कोणी नव्हतं. निरोप धाडायचं रोज मनात यायचं; पण निरोपात घालायचं काय, ते सुचायचं नाही. लाकडाला काय सांगायचं ते पटाशी सांगते. बायकोला सांगायला तसलं हत्यार त्याच्यापाशी नव्हतं. तो आपला स्वतः भाकरी थापायचा, आणि तवा तापेपर्यंत दाराकडे पाहत बसायचा.

त्या दुपारी तो ओट्यावर घोंगडी टाकून आडवा झाला, आणि शेवंताबाई आली. पदर खोचून, त्याच्याकडे पाठ करून, जात्याशी बसली होती.

"कवय उनी?" त्यानं विचारलं.

"दयन व्हवू द्या, मंग बोलूत."

जातं घरघरत होतं. वरचा दगड फिरत होता, पीठ चहूबाजूंनी झरत होतं. "तुमना रथनं आसं शे..." असं म्हणत ती मान वळवून त्याच्याकडे पाहणार, तेवढ्यात कोणीतरी त्याचा खांदा हलवला.

मिस्त्री उठला तो वनाच्या अंगावरच धावला. "मुडद्या, आते वळनार व्हती ती!"

"कोन?"

"शेवंता! सपनमा! रथनं सांगी राहिंती..."

एवढं बोलला आणि तिथंच चुकला. वनाच्या पोटात गोष्ट राहायची ती भट्टीतल्या बर्फासारखी. घटकाभरात कौतिकआबा ओट्यासमोर हजर झाले.

"मिस्तरी, अर्धं सपन पडनं म्हने? मंग उरेल अर्धं देखी टाक. झोप."

"आबा, आशी सांगीसन झोप येस का?"

"गावनं काम शे!" आबा म्हणाले. गावकीचं काम म्हटल्यावर नाही म्हणायची निंबखेड्यात पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळी तयारी आदल्या दिवसासारखी झाली. तीच घोंगडी, तीच कळण्याची भाकर, तोच ठेचा. शेजारच्या म्हाताऱ्या भिकुअक्कानं कुत्री हाकलली. वनानं भाता बंद ठेवला. मिस्त्रीचा डोळा लागतो न लागतो तोच ओट्यापुढे हलगी कडाडली. आबांनी दवंडी धाडली होती. "आयका हो आयका! मिस्तरी झोपेल शेऽऽ! बठ्ठा गावनी गपचूप ऱ्हवानंऽऽ!"

मिस्त्री दचकून ओट्यावरून खालीच आला.

तिसऱ्या दिवशी झोप लागली. स्वप्नही पडलं. जागा झाला तेव्हा समोर दहा-बारा माणसं उकिडवी बसलेली होती.

"उनी का?" आबांनी विचारलं.

"सासू उनी."

"काय बोलनी?"

"काही नई. खाटवर बठनी."

"मंग?"

"मंग काय? उठनीच नई."

चौथ्या दिवशी भिकुअक्काला आठवलं की पहिल्या स्वप्नाच्या वेळी आपण घरात दळत होतो. जात्याच्या आवाजानंच शेवंता आली असणार. तिनं मिस्त्रीच्या उशाशी जातं मांडलं आणि ओव्या धरल्या. तिसऱ्या ओवीला मिस्त्रीच्या स्वप्नात स्वतः भिकुअक्काच आली, आणि पोट साफ होतं का म्हणून विचारून गेली.

गाव कंटाळत चाललं होतं, पण मिस्त्री मात्र कंटाळला नव्हता. त्याला आता रथाचं फारसं काही राहिलं नव्हतं. तिनं एकदा वळून पाहावं, एवढंच. दुपारी आडवं होण्याआधी तो तोंड धुवायचा, मिशीला तेल लावायचा आणि धुवट पागोटं नीट बांधून मग निजायचा. भिकुअक्कानं हे पाहिलं आणि ती वनाला बाजूला घेऊन म्हणाली, "वना, सपन जाऊ दे चुल्हामा. त्या पोरीलेच बलाव."

म्हणून पाचव्या दिवशी पहाटे दिवल्या गाडीवानाबरोबर पिंपळनेरला निरोप गेला. निरोप साधा होता. 'मिस्तरी झोपमा तुनं नाव लेस. रामनवमीना आगोदर ये.' पण दिवल्याच्या गाडीचा कणा साक्रीलाच मोडला. त्यानं निरोप एका भांडीवाल्याला दिला. भांडीवाल्यानं तो पिंपळनेरच्या वेशीवर एका तेलिणीला दिला. शेवंताबाईपर्यंत तो पोचला तेव्हा त्याचं रूप असं झालं होतं, 'मिस्तरी झोपेल शे तो उठतच नई. तुनं नाव लेस. रामनवमी काही देखस नई.'

सातव्या दिवशी दुपारी शेवंताबाई माहेरच्या गाडीतून उतरली, मागोमाग मंदाबाई. आणि तिनं पाहिलं. ओट्यावर नवरा उताणा पडलेला. माशा बसू नयेत म्हणून त्याच्या अंगावर पांढरं धोतर पांघरलेलं. झोप शांत लागते म्हणून भिकुअक्कानं उशाशी तुळशीचं पान ठेवलेलं आणि धूप लावलेला. भोवती अख्खं गाव मान खाली घालून गप बसलेलं.

शेवंताबाईनं असा टाहो फोडला की लीलाधर शेटच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. तिनं धावत जाऊन मिस्त्रीच्या पायांवर डोकं ठेवलं. आबा हातवारे करून तिला थांबवू पाहत होते. "ओ पोरी, उठाडू नको त्याले! सात दिनमा आज कोठे चांगला झोपेल शे!"

मिस्त्रीनं अर्धे डोळे उघडले. समोर शेवंता, आणि ह्या खेपेला तोंड इकडे. त्याला वाटलं, आलं स्वप्न. आता वेळ दवडून चालायचं नाही.

"आयक," तो घाईघाईनं म्हणाला. "वना उठाडी देई, त्याना आगोदर सांगस. खाटले चारी पाय नवा बसाडात. बठाले कोनी नई. भाकर करस, ती मधमा कच्चीच ऱ्हास. दार वाजनं का वाटस, तूच शे. तू म्हने, मी आयकत नई. आते रोज आयकस. पन घरमा बोलाले कोनी नई."

भिकुअक्कानं पदर डोळ्यांना लावला. वना आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. आबाही पान चघळायचे थांबले, पण ते पाटील होते, पान गिळून कुजबुजले, "रथनं इचार, रथनं!"

"हां," मिस्त्री म्हणाला, "आनि आबा म्हनतस, रथनं सांग."

शेवंताबाई डोळे पुसत उठून बसली. नवरा जिवंत आहे हे कळताच तिचं रडू आटलं आणि राग वर आला.

"रथनं काय सांगानं? दिवायीलेच सांगेल शे मी! रथ फिरावाले जागा नई ना, मंग नका फिरावू. रामले फिरावा. जातं फिरस तवय खालना दगड फिरस का? वरनाच फिरस ना? तसाच मधमा लोखंडना खिळा बसाडा आनि त्यावर देवना पाट ठेवा. घाटवर पाट फिरावा, दोर मांगे बांधा आनि चाला घर. देवले हात लावानंच काम नई. आसं सांगं मी, तवय तुम्ही रंधा मारी राहिंतात. 'हूं' म्हनात."

"मिस्तरी," वना हळूच म्हणाला, "तू जागा शे रे."

मिस्त्रीनं वनाकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. मंदाबाईंकडे पाहिलं. मग अख्ख्या गावाकडे पाहिलं, आणि पांढरं धोतर डोक्यावरून ओढून घेतलं.

आबांनी उभं राहून जाहीर केलं, "सपन खरं व्हयनं!"

"आबा, सपन कोठलं? ती तर समोर उभी शे."

"ते बारीक शे," आबा म्हणाले. "खिळा ठोक तू."

वनानं मनगटाएवढा खिळा घडवला. मिस्त्रीनं राम, सीता, लक्ष्मण तिघं मावतील असा पाट केला आणि खिळ्यावर चढवला. तो बोटानं ढकलला तरी फिरे. काम झकास होत होतं. पण झोपेत एवढं बोलून गेलेला माणूस जागेपणी पुन्हा लाकूड झाला होता. शेवंताबाई पाणी आणून ठेवायची. "पानी," म्हणायची. तो "हूं" म्हणायचा आणि लगेच जीभ चावायचा. तीही गावादेखत ऐकलेल्या त्या बोलण्यामुळे अवघडली होती. त्याच्याकडे न पाहताच आत जायची. तिकडे नव्या खाटेवर ठाण मांडून बसलेल्या मंदाबाई अक्षय्य तृतीयेचा सण पुढे करून सगळ्यांना सांगत होत्या, "रथ फिरना का आम्ही चालनूत. आखाजी उनीच शे. आखाजीले आंडेर माहेरलेच शोभस."

रामनवमीला रथ निघाला. घाटावर आला, थांबला. वनानं पाटाला हात न लावता लांब दांडा लावून रेटा दिला. राम, सीता, लक्ष्मण अगदी सावकाश, जणू नदी पाहून झाली म्हणून, देवळाकडे वळले. गावानं असा जयघोष केला की पलीकडच्या तीरावरची गुरं थबकली. मिस्त्री मात्र देवाकडे पाहत नव्हता. बायकांच्या घोळक्यात शेवंता पाटाकडे बघून हसत होती. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खाली बसून चाक अडवायला लावलेली उटी उगाचच हलवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी जुंपली. मंदाबाई चढून बसल्या; गाडी मागच्या अंगाला कलली. शेवंताबाई गाठोडं घेऊन ओट्यापाशी थांबली.

"येस मी," ती म्हणाली.

मिस्त्रीनं तोंड उघडलं. आत पुष्कळ काही होतं. बाहेर आलं ते एवढंच, "हां. संभायीसन जा."

स्वतःच्या जिभेचा त्याला असा संताप आला की ती पटाशीनं तासावी. शेवंता थोडी थांबली, मग गाडीकडे वळली. दोन पावलं गेली. तेव्हा मिस्त्रीनं एकाएकी घोंगडी ओढली, ती ओट्यावर पसरली आणि भर उन्हात, बैल, गाडीवान आणि सासू यांच्या देखत, तो आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले.

"जवाईबापू!" मंदाबाई ओरडल्या. "सकायना पाह्यरे हाई काय?"

मिस्त्री एकदा घोरलाही. मग डोळे मिटूनच तो म्हणाला, "जाऊ नको."

शेवंताबाईनं त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, थरथरणाऱ्या पापण्यांकडे पाहिलं, आणि गाठोडं ओट्यावर ठेवलं.

"माय, तू निंघ पुढे. ह्या जागा व्हतस तवलोंग मी थांबस."

"आनि कवय जागा व्हई हाऊ?"

"काय माहीत," शेवंता म्हणाली. "झोप गावनी शे. उठाडता येत नई."

गाडी कुरकुरत निघाली आणि वेशीबाहेर दिसेनाशी झाली. शेवंताबाई त्याच्या उशाशी बसली आणि पदरानं माशा वारू लागली. "गई गाडी," ती हळूच म्हणाली. "उठा आते."

मिस्त्रीनं डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. गावात सांगतात की त्या साली आखाजी होऊन गेली, तोवर काही त्याला जाग आली नाही.