नानासो आणि थंड रेडिएटर

"रेडिएटर बसवायला माणूस बोलवायचा? आगं पोरी, निम्मी हयात गेली माजी रेडिएटर काढण्या-घालण्यात!"

नानासो हे म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. तासगावच्या अलीकडे त्यांची वस्ती. तिथे कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला की लोक आधी नानासोंना हाक मारत, मग मेकॅनिकला, आणि दोघांनीही हात टेकले की देवाला. अडचण एवढीच, की हा रेडिएटर ट्रॅक्टरचा नव्हता. तो त्यांच्या सुनेच्या, पल्लवीच्या कॉम्प्युटरचा होता.

पल्लवी सांगलीची. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरी बसून बंगल्यांची चित्रं करायची. चित्रं म्हणजे अशी, की अजून पाया न खणलेल्या बंगल्यात पडद्यावरच जिना चढून गच्चीवर जाऊन यावं. त्याला कॉम्प्युटर तगडा लागायचा आणि तो होताही. पण उन्हाळा लागला आणि गडी तापून मध्येच मान टाकायला लागला. दोन वेळा तर साहेबांना बंगला दाखवतानाच बंद पडला, तोही स्वयंपाकघराच्या दारात! शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, "शनिवारी अख्खा बंगला न अडखळता दाखवायचा. नाहीतर सोमवारपासून पुण्याला ऑफिसात येऊन बसायचं."

पल्लवी पुण्याला गेली म्हणजे मुलगा विश्वजितही बदली मागून तिकडेच जाणार, हे उघड होतं. घरात उरणार नानासो आणि त्यांची बायको रंगुबाई. या दोघांचं जे काही बोलायचं होतं ते पहिल्या काही वर्षांतच बोलून झालं होतं. सून आल्यापासून मात्र चारच्या चहाला नानासोंना ऐकणारं माणूस मिळालं होतं. ट्रॅक्टर कसा घेतला ही कथा पल्लवीने कितीतरी वेळा ऐकली होती, आणि दर वेळी योग्य जागी "मग?" असं विचारलं होतं. असं माणूस पुण्याला जाऊ द्यायचं?

आता त्यांचा एक स्वभाव सांगून ठेवायला हवा. नवी वस्तू नवीच राहिली पाहिजे, आणि ती नवी ठेवायची तर तिचं प्लॅस्टिक काढायचं नाही! टीव्हीचा रिमोट पिशवीत. फ्रिजच्या दारावर अजून कंपनीचा कागद. ट्रॅक्टरच्या सीटवर शोरूममधलं प्लॅस्टिक, त्यावर उन्हात बसलं की माणूस आपोआप उभा राहायचा. विश्वजितने एकदा सोफ्याचं प्लॅस्टिक फाडलं, तर बापलेकांत आठवडाभर अबोला. रंगुबाई म्हणायच्या, "माज्या बापानं मला प्लॅस्टिकमदी घालून दिली असती, तर ह्यांनी अजून उघडली नसती!"

तर शुक्रवारी कुरिअरने रेडिएटर आला. पल्लवीने कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून सासऱ्यांना समजावलं. "मामा, हा प्रोसेसर, म्हणजे याचं इंजिन. त्यावर हा तांब्याच्या तळाचा ठोकळा दाबून बसवायचा. इंजिनाची धग ठोकळ्यातल्या पाण्यात जाते, पाणी नळीने रेडिएटरला जातं, तिथे पंख्याने गार होऊन परत येतं."

"मंजे ट्रॅक्टरच की गं!" नानासो खूश झाले. रेडिएटर उलटासुलटा करून म्हणाले, "झाकण कुठं हाय?"

"झाकण नसतं. सीलबंद आहे. पाणी घालायचंच नाही."

"पानी न घालायचा रेडिएटर!" नानासोंनी तो कानाशी धरून हलवला. आत बारीक डुचमळलं. "निम्माच भरलाय. फसवलं तुला."

कॅबिनेटच्या वरच्या बाजूला रेडिएटर काही बसेना. बोटभर जागा कमी पडत होती. "तेवढा पत्रा कापू का? ग्राइंडर आनतो!" म्हणत नानासो उठलेच. पल्लवीने त्यांना दंडाला धरून बसवलं. मग पुढचे पंखे काढून रेडिएटर पुढच्या बाजूला सरकवला. नळ्या ताठ, त्या वाकेनात. नानासोंनी बैलाची मान वळवावी तशा त्या वळवल्या. बोट चेमटलं, दोन स्क्रू कॉटखाली गेले, पण रेडिएटर बसला! राहिला फक्त ठोकळा. पल्लवीने त्याच्या तळाचं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक सोलून टेबलावर ठेवलं, आणि तेवढ्यात कंपनीचा फोन आला. बोलत बोलत ती अंगणात गेली.

नानासोंनी ठोकळ्याकडे पाहिलं. तांब्याचा तळ आरशासारखा लखलखत होता. शेजारी त्याचं प्लॅस्टिक बेवारस पडलेलं. आजकालच्या पोरांना वस्तूची किंमत नाही! त्यांनी हात धुतले, पुसले, आणि ते प्लॅस्टिक जागच्या जागी परत चिकटवलं. असं चिकटवलं, की आत हवेचा एक बुडबुडा नाही.

पल्लवी परत आली. तिने प्रोसेसरवर धग पुढे पोचवणारा लोण्यासारखा लेप लावला. "म्या धरतो, तू आवळ," म्हणत नानासोंनी ठोकळा स्वतःच वरून टेकवला. तिने चारी स्क्रू आवळले. रंगुबाईंनी हळदीकुंकू लावलं, नारळ मात्र सुनेच्या विनंतीवरून पायरीवर फोडला. बटण दाबलं. पंखे फिरले, निळे-जांभळे दिवे लागले. "गणपतीचं डेकोरेशन हाय जनू!" रंगुबाई म्हणाल्या.

आणि चहा व्हायच्या आत कॉम्प्युटर बंद पडला.

पुन्हा चालू केला. पुन्हा बंद! पहिल्यापेक्षाही लवकर! पल्लवीचा चेहरा उतरला. नानासोंनी रेडिएटरला तळहात लावला. "पोरी, इंजिन तापलंय आन् रेडिएटर थंडगार! पानी फिरंना. एअर धरलीय ह्यानं, आत हवा अडकलीया."

निदान ऐकायला इतकं पक्कं होतं, की पल्लवीलाही पटलं. कॅबिनेट आडवं केलं, उताणं केलं, डोक्यावर उभं केलं. फरक शून्य. रात्री विश्वजितने टेबलफॅन लावून पाहिला. त्याने एवढंच झालं, की कॉम्प्युटर बंद पडल्यावर सगळ्यांना छान वारं लागलं.

शनिवारी सकाळी नानासोंनी ठरवलं, हे टेबलफॅनचं काम नाही. विश्वजित ड्युटीवर सांगलीला गेल्याची खात्री करून त्यांनी ट्रॅक्टर काढला. मागे द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर जोडला. खिडकीसमोर ट्रॅक्टर उलटा लावला.

"मामा, हे काय करताय?"

"वारं देतो! बागंला वारं घालतंय, तर तुज्या डब्याला न्हाई घालनार? टाकी रिकामी हाय, भिऊ नगं!"

टाकी रिकामी होती. नळ्या मात्र रिकाम्या नव्हत्या. ब्लोअर धडधडला आणि खोलीत वादळ शिरलं! कागद उडाले, पडदा दांडीसकट खाली आला, वरच्या खिडकीतले रंगुबाईंचे पापड गोठ्यावर गेले, आणि नळ्यांत उरलेल्या बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाचे, निळे शिंतोडे भिंतीवर, पलंगावर आणि पल्लवीच्या पांढऱ्या कुर्त्यावर उडाले. तिने कॉम्प्युटरवर चादर टाकली म्हणून तो तेवढा वाचला. शेजारचा जोतिबा धावत आला. "नानासो, घराला करपा पडला का काय, फवारताय ते?"

नानासोंनी ब्लोअर बंद केला. पल्लवीने चेहरा पुसला आणि शेवटचा उपाय म्हणून ठोकळ्याचे स्क्रू सोडवले. ठोकळा उलटा केला. लेपाने बरबटलेलं, पण एकही बुडबुडा नसलेलं प्लॅस्टिक तिच्याकडे पाहत होतं.

"अगंबाई!" ती कपाळाला हात लावून म्हणाली, "प्लॅस्टिक काढायलाच विसरले वाटतं मी! मग धग जाणार कशी?"

नानासोंची पाचावर धारण बसली. ते काही म्हणणार तोच पल्लवीच्या मोबाइलवर साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. विरकर साहेब, मूळचे म्हसवडचे, आता पुण्यात मोठे अधिकारी. पल्लवी म्हणाली, "सर, चूक माझी आहे. मशीन बसवताना प्लॅस्टिक तसंच राहिलं. मला इथून नाही जमणार. मी सोमवारी पुण्याला येते."

आयती सुटका होती! सून स्वतःच गुन्हा कबूल करत होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसलं की सोमवारी चारचा चहा एकट्याने प्यायचा. रंगुबाई दारातून नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना न सांगता सगळं कळलं होतं.

"सायेब!" नानासो मोबाइलसमोर आडवे झाले. "पोरीची चूक न्हाई! तिनं काढलं हुतं. म्या परत चिकटवलं!"

"तुम्ही? का?"

"नवी वस्तू हाय, खराब व्हईल म्हनून." नानासोंनी हात जोडले. "लय चुकलं. पर तिला नेऊ नगा, सायेब. घर खायाला उठंल आमाला."

साहेब चष्मा काढून गंभीरपणे खुर्चीत मागे रेलले. कर्र कर्र असा आवाज आला. तो आवाज नानासो झोपेतही ओळखू शकले असते! त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"सायेब, तुमच्या खुर्चीचं प्लॅस्टिक अजून हाय की!"

साहेबांनी खुर्चीच्या हातावरचं प्लॅस्टिक सारखं केलं. मग साहेबांची भाषा पुण्याहून थेट म्हसवडला पोचली. "काढलं की मळती वो खुर्ची."

"मग! म्या घरात दुसरं काय सांगतुया?"

तोवर पल्लवीने प्लॅस्टिक सोलून, तळ पुसून, नवा लेप लावून ठोकळा परत आवळला होता. बटण दाबलं. अंगणापासून गच्चीपर्यंत अख्खा बंगला साहेबांनी फिरून पाहिला, कॉम्प्युटर एकदाही अडखळला नाही. नानासो रेडिएटरला हात लावून ओरडत होते, "तापला! तापला!" रेडिएटर तापल्याचा आनंद त्यांना जन्मात पहिल्यांदाच झाला होता.

साहेबांनी पल्लवीला घरूनच काम करायला परवानगी दिली. अट एकच, नानासोंनी कॉम्प्युटरच्या खोलीत रिकाम्या हातांनी यायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं.

चारचा चहा आला. नानासो मान खाली घालून बशीत बघत बसले. निळे ठिपके पडलेला कुर्ता घातलेली पल्लवी शेजारी येऊन बसली. "मामा, तुम्ही ट्रॅक्टर आणायला गेलात, त्या दिवशी काय झालं हो?"

नानासोंचा चेहरा एकदम उजळला. "आगं, त्या दिवशी शोरूमवाला सीटचं प्लॅस्टिक फाडायला निघाला! म्या त्याचा हातच धरला!"

"मग?" पल्लवी म्हणाली.