आवाज बंद, ओमीन चालू

साहेब, हे सगळं तुमच्यामुळे झालं!

तुमचं नाव मला माहीत नाही. नाव लपवूनच तर तुम्ही हुकूम काढता. पण रोज संध्याकाळी टीव्हीवर येऊन "घराबाहेर पडू नका, माणसांना पडद्यावर भेटा" असं बजावणारे तुम्हीच ना? मास्क कसा बांधायचा याची चित्रं तुम्ही बिश्केकच्या खांबाखांबावर चिकटवलीत. हात साबणाने घासून धुवा म्हणालात. आम्ही धुतले. पण त्या धुतलेल्या हातांनी पडद्यासमोर काय करू नये, यावर कुठे एक अक्षर तरी लिहिलंत? नाही! आणि त्याच स्वच्छ, साबणाचा वास येणाऱ्या हातांनी मी माझ्या पोरीचं लग्न ठरवून बसलो. तिला न विचारता. आणि खरं सांगायचं तर, मला स्वतःलाही न कळता!

पहिल्यापासून सांगतो.

मी सोवेतबेक. माझं टायर दुरुस्तीचं दुकान आहे. टाळेबंदीत त्याला कुलूप लागलं. गाड्याच फिरत नव्हत्या, पंक्चर काय भिंतींचं काढू? घरात बसून बसून माझीच हवा गेली होती. केर काढताना स्टूल सरकवतात, तशी माझी बायको बुरुल मला या खोलीतून त्या खोलीत सरकवायची.

त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या वर्गाचा मेळावा ठरला होता. नारिनच्याही वर, डोंगरातल्या आमच्या गावाजवळच्या कुरणावर तंबू ठोकायचे, मेंढरू कापायचं, रात्रभर गायचं. तुम्ही तोही बुडवलात. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी रडगाणं सुरू केलं, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "रडता काय लेको! मेळावा होणार. ऑनलाइन होणार. रविवारी चहाच्या वेळी होणार आणि हा सोवेतबेक तो करून दाखवणार. मी राजधानीत राहतो. माझं नेट म्हणजे लोखंड आहे, लोखंड!"

रविवारी सगळे जमले. जमले म्हणजे काय, तुकड्यातुकड्यांनी जमले. झिनागुलचं नुसतं कपाळ आलं. गावातल्या दोघांनी मिळून एकच फोन धरला होता, त्यामुळे दोघांचा मिळून दीड चेहरा. मुकान मात्र पुरता दिसत होता. पांढरी कल्पाक टोपी, पिळदार मिशा, मागे भिंतीवर शर्यतीतल्या घोड्यांची बक्षिसं. हा मुकान शाळेत माझ्याच बाकावर बसायचा आणि माझीच पोळी खायचा. आता गावात घोड्यांचे कळप बाळगून आहे.

आणि आमचे मास्तर आले! त्यांना आम्ही आगाय म्हणतो. ऐंशी ओलांडलेले. सुनेने त्यांच्यासमोर फोन चहाच्या किटलीला टेकवून ठेवला होता. किटलीतून वाफ निघाली की आगाय ढगात जायचे, वाफ विरली की पृथ्वीवर परत यायचे.

"सोवेतबेक!" ढगातून आवाज आला. "अजून नखं खातोस का रे?"

"नाही, आगाय!" मी तोंडातून बोट काढून म्हणालो.

सगळे खो-खो हसले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात माझी मुलगी बेगायम माझ्यासमोर कणकेच्या गरम, तळलेल्या बोरसोकांची ताटली ठेवून गेली. बेगायम शाळेत भूगोल शिकवते. टाळेबंदीत आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावरून शिकवायची.

"ही कोण रे?" मुकानने विचारलं.

"माझी थोरली. मास्तरीण आहे!"

"तुझ्यासारख्या ठोंब्याच्या पोटी?"

"आईवर गेलीय."

"मग बरोबर!"

"लग्नाचं काय?" झिनागुलच्या कपाळाने विचारलं.

"बघायचंय," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. एवढं माझ्या तोंडून गेलं, एवढं मला मान्य आहे. कारण पुढच्याच क्षणी आत बेगायमने मुलांसाठी धड्याचा व्हिडिओ पाठवायला घेतला आणि माझं लोखंड वितळलं. चित्र राहिलं. आवाज गेला. समोर सगळ्यांची तोंडं हलताहेत, जशी तळ्यातल्या माशांची!

शहाण्या माणसाने काय केलं असतं? "अरे, ऐकू येत नाहीये," म्हणून सांगितलं असतं. पण मी तर लोखंडवाला! दीडशहाणा मुकान वर्षभर चिडवेल, या भीतीने मी गप्प बसलो आणि ऐकू येत असल्याचं नाटक सुरू केलं. ते हसले की मी हसायचो. ते गंभीर झाले की मी भुवया जुळवायचो. मुकान छातीवर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलला. मीही छातीवर हात ठेवला. मग आगायनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी जोरात मान हलवली. मुकानच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आमच्या वर्गातल्या ताश्तानची आठवण निघाली असणार. ताश्तान त्याच वसंतात, याच आजारात गेला होता. मीही डोळे पुसले. ते मात्र नाटक नव्हतं.

आणि मग आगायनी दोन्ही तळवे वर धरले.

साहेब, तुम्हीही इथलेच. तुम्हाला काय सांगायचं! आमच्यात जेवण झालं की ओमीन, प्रवासाला निघालं की ओमीन, घोडा विकला की ओमीन. वडीलधाऱ्याने आशीर्वाद द्यायला तळवे वर केले की आपले तळवे आपोआप वर जातात आणि शेवटी चेहऱ्यावरून हात फिरतो. घोरणाऱ्या किरगिझासमोर तळवे धरून बघा, घोरता घोरता चेहरा पुसेल! सगळ्यांचे तळवे वर गेले, माझेही गेले. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, मीही फिरवले. मला वाटलं, चहा संपला.

सकाळी मुकानचा निरोप आला, त्याच्याच आवाजात. "व्याहीबुवा, झोप लागली ना आपल्याला?"

आपल्याला? जो मुकान शाळेत माझ्या पाठीवर बसून मला खिंकाळायला लावायचा, तो मला "आपण" म्हणतोय!  मी स्वतःला समजावतोय, थट्टा असेल, थट्टा असेल, तोवर बुरुलचा फोन वाजला. तिकडून मुकानची बायको दामिरा बोलत होती. बुरुलने फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात डाव होता.

"अहो बेगायमचे बाबा, ती मला विहीणबाई का म्हणाली?"

"मला काय माहीत!"

"तुम्ही आगायसमोर पोरगी दिलीत म्हणे!"

"मी? मी तर फक्त चहा प्यायलो!"

झिनागुलने सगळा मेळावा फोनवर टिपून ठेवला होता. तिने तो कौतुकाने पाठवून दिला. आम्ही बघितला. आगाय स्वच्छ, ठणठणीत आवाजात विचारत होते, "सोवेतबेक, तुझी बेगायम मुकानच्या एल्दियारला देतोस का?" पडद्यावरच्या मूर्खाने मान हलवली. "पुन्हा विचारतो. मनापासून देतोस?" त्या मूर्खाने इतक्या जोरात मान हलवली की त्याची टोपी बोरसोकांत पडली!

बुरुलने फोन पालथा घातला. मग म्हणाली, "मेंढरूसुद्धा कापण्याआधी एकदा बें करतं. तुम्ही तेवढंही केलं नाहीत."

"मी आत्ता मुकानला सगळं खरं सांगतो."

"सांगा. माझ्यासमोर सांगा."

मी फोन लावला. "मुकान, ऐक ना, एक गोष्ट सांगायची होती..."

"त्याआधी माझी ऐका, व्याही!" मुकान मला मध्येच तोडत म्हणाला. "आईला ताप येऊन गेल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. घास घेत नव्हती. काल ही बातमी सांगितली, तर उठून बसली! रस्सा मागितला! म्हणते, नातसून बघितल्याशिवाय मी कुठे जात नाही. सोवेतबेक, तू माझी आई परत दिलीस रे. हं, आपण काय सांगत होता?"

बुरुल डाव घेऊन समोर. फोनवर मुकान हुंदके देतोय.

"आईंना माझा सलाम सांग," मी म्हणालो.

बुरुलने तो डाव माझ्या डोक्यात घातला नाही. तो परत पातेल्यात ठेवला आणि आत निघून गेली. घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

बेगायमला मी काही सांगितलं नाही. तुम्ही विचाराल, का? जीभ उचलेना! रोज ती मला चहा आणून द्यायची, "बाबा, बरं वाटत नाही का?" विचारायची, आणि मी पेल्यात तोंड लपवायचो. पेला रिकामा झाला तरी लपवून ठेवायचो. मला वाटायचं, टाळेबंदी आहे, रस्ते बंद आहेत, लग्न काय रांगत येणार आहे? काहीतरी होईल, कुणीतरी विसरेल.

कोण विसरतंय! मुकानने बटाट्याच्या ट्रकमधून चांदीची कर्णफुलं धाडली. तुमचे सगळे नाके ओलांडून ती आली, साहेब. माझ्या दुकानाची किल्ली आणायला मला तुम्ही चौकापलीकडे जाऊ दिलं नव्हतंत, पण ती कर्णफुलं बटाट्यांतून सुखरूप घरी! वर मुकानचा निरोप, "व्याही, आम्हाला येता येत नाही. येत्या रविवारी सगळ्यांसमोर पडद्यावर विहीणबाईंनीच आमच्या वतीने बेगायमच्या कानांत घालावीत." आता कर्णफुलं कानांत गेली की पुढे बोलायला जागाच राहत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी कर्णफुलांची डबी घरामागच्या जुन्या टायरच्या ढिगात लपवायला निघालो होतो. बुरुलने ती माझ्या हातातून घेतली आणि बेगायमसमोर ठेवली.

"हे काय, आई?"

"तुझ्या बाबांना विचार."

मी सांगितलं. सगळं. लोखंडापासून रश्शापर्यंत. मला वाटलं, ओरडेल, रडेल, पेला फोडेल. तिने काहीच केलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. एखाद्या मुलाने नकाशात समुद्रावर आपलं गाव दाखवलं की ती अशी बघत असेल.

रविवारी पडद्यावर आख्खी मेजवानी मांडलेली! मुकानचं सगळं घराणं रांगेत. मधोमध उशांना टेकून म्हातारी आई. तिच्यामागे नवरदेव एल्दियार. तो गुरांचा डॉक्टर आहे. पण त्या दिवशी नाल ठोकायला आणलेल्या घोड्यासारखा दिसत होता. माझ्या खुर्चीवर मी नाही, बेगायम बसली.

"सलाम, आगाय. एक विचारू? ज्याने काही ऐकलंच नाही, त्याचं ओमीन धरतात का?"

किटलीची वाफ विरली. "म्हणजे काय, पोरी?"

"त्या दिवशी बाबांचा आवाज गेला होता. त्यांना एक शब्दही ऐकू आला नाही. लाजेपोटी मान हलवत बसले. मला कुणी विचारलं नाही आणि मला हे लग्न करायचं नाही."

इतकी शांतता पसरली की मला वाटलं, आवाज पुन्हा गेला! मग मागून एल्दियार फस्सकन हसला.

"मला तरी कुणी विचारलं? मी वर कुरणावर होतो, तिथे रेंज नाही. खाली उतरलो तर नवरदेव झालो होतो!"

दोघंही हसले. म्हातारीने हातातली वाटी खाली ठेवली. मुकान हसला नाही. त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"सोवेतबेक," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तू मला फोन केलास. तेव्हा तर आवाज होता ना?"

मी बेगायमच्या मागे उभा होतो. खुर्चीच्या पाठीला धरून.

"होता ना रे?"

"होता."

मुकानचा चौकोन काळा झाला.

आगाय तेवढे राहिले. "मी आशीर्वाद दिला तो मुलं सुखी राहोत म्हणून," ते म्हणाले. "तो परत घेत नाही. कुणाबरोबर सुखी राहायचं, ते ज्याचं त्याने बघावं. आणि सोवेतबेक, वर्गातही तू अशीच मान हलवायचास. मला बिचाऱ्याला वाटायचं, तुला समजतंय."

कर्णफुलं बटाट्याच्याच ट्रकने परत गेली. म्हातारीला फोन बेगायमने केला. दार लावून पुष्कळ वेळ बोलत होती. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगत नाही; म्हातारी रस्सा पितेय, एवढं कळलं. मुकान माझा फोन उचलत नाही. वर्गाच्या ग्रुपवर मी "सलाम" लिहिलं की सगळे नुसते वाचतात.

म्हणून मी ही तक्रार लिहायला बसलो, साहेब. चूक नेटची आहे, टाळेबंदीची आहे, तुमची आहे, हे चांगलं ठासून लिहिलं. पाठवण्याआधी बेगायमला वाचून दाखवलं. तिने हातातल्या वह्या तपासणं थांबवून शेवटपर्यंत ऐकलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "एकच विचारते, बाबा. समजा, त्या दिवशी आवाज चालू असता. मुकानकाकांनी रडत मागितलं असतं. आगाय समोर, आख्खा वर्ग समोर. तुम्ही नाही म्हणाला असता?"

मी तिच्याकडे बघितलं. मग माझी मान हलली.

"बाबा, मान हलवू नका. तोंडाने सांगा."