पाटकरीमामाच्या डोक्यातली चारी

आमचे भुजंगमामा झोपायच्या आधी उशीचा उतार मोजतात. अंदाजानं नव्हे, गवंडी लोक वापरतात त्या पाण्याच्या नळीनं. नळीचं एक टोक उशीवर, दुसरं पायथ्याशी. "डोकं चार बोटं वर पाहिजे. उतार न्हाई तर घाण वाहणार कशी?" असं म्हणत बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावतात. एकदा विटा जरा जास्तच झाल्या आणि सकाळी मामा बाजेच्या खालच्या टोकाला मुटकुळं होऊन सापडले. म्हणाले, "उतार बराबर होता. मीच वाहून गेलो."

हट्टा गावात माझं मेडिकलचं दुकान मामांच्या ओसरीला लागून आहे, त्यामुळं माझी सुटका नाही. मामांनी सगळी नोकरी पाटकरी म्हणून केली. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी चारीचारीनं, म्हणजे लहान लहान पाटांनी, ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा माणूस. रिटायर होऊन जमाना झाला, पण डोक्यात अजून पाणी सुरूच आहे.

हे खूळ सुरू झालं ते कमलमामींमुळं. मामींची शुगर जुनी. गेल्या वर्षी एका सकाळी त्या गोळ्या घेऊन गेल्या आणि अर्ध्या तासात परत त्याच गोळ्या मागायला आल्या. मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून मग मलाही भीती वाटली.

दोघांना नांदेडच्या डॉक्टरकडं मीच नेलं. मामींना बाहेर बसवून डॉक्टरनं आम्हाला समजावलं. मेंदूत रोज कचरा तयार होतो. झोपेत तिथं पाणी खेळतं आणि तो धुऊन नेतं. वय झालं की हे काम मंदावतं, शुगर चढलेली राहिली की आणखी मंदावतं. नीट झोप, साखरेवर ताबा आणि रोजचं चालणं, यानं फायदा होऊ शकतो. "हमी देत नाही, पण चालवा त्यांना," डॉक्टर म्हणाला.

मामा खुर्चीतून उठलेच. "म्हंजे साहेब, चारी बुजली!"

मग मामांनीच डॉक्टरला मेंदू समजावला. छातीत मोटर. माणूस चालला की मोटर जोरात, पाणी पुढं रेटलं जातं. म्हातारपणी कालव्याचं अस्तर फुटतं. साखर म्हंजे गाळ. झोप म्हंजे पाण्याचं आवर्तन, ते चुकवायचं न्हाई. डॉक्टर म्हणाला, "थोडक्यात, तसंच." हे त्यानं म्हणायला नको होतं. त्याचं फळ आम्ही गावकरी अजून भोगून राहिलो.

कळमनुरीच्या एका लग्नात मामा वाढप्याच्या मागं मागं फिरले. पन्नाशीच्या पुढचा माणूस दिसला की त्याच्या पत्रावळीवर आडवा हात. "याला बुंदी न्हाई! चारी बुजून राहिली अन् तू वरून गाळ टाकून राहिला व्हय?" नवरदेवाच्या आजोबाची बुंदी तर त्यांनी तोंडापाशी गेलेली परत घेतली. आजोबा भांडायला उठले. मामा खुशीत म्हणाले, "बघा, मोटर चालू झाली!" आम्हाला दहीभात यायच्या आत जीप पकडावी लागली.

पण मामी काही चालायला तयार होईनात. "मला काय धाड भरली? बायामाणसानं बिनकामाचं हिंडायचं? लोक म्हणतील, हिला घरात काम न्हाई." मामांनी आठ दिवस विनवण्या केल्या. मामींनी आठ दिवस भांडी आपटली.

नवव्या दिवशी मामा माझ्या दुकानात आले आणि मामींना ऐकू जाईल अशा बेतानं ओरडले, "दिलीप, डॉक्टरचा फोन आला! बुजलेली चारी माझी निघाली! मला एकट्याला सोडायचं न्हाई म्हणे. रोज हिनंच फिरवायचं."

मामी तडक चपला घालून बाहेर आल्या. "अगं बाई! अवो, मंग आठ दिवस बोलले काहून न्हाई? उठा!"

तेव्हापासून रोज सकाळी मामी पुढं आणि मामा मागं. सोंग वठवायच्या नादात मामा सदरा उलटा घालतात. पारावरच्या लोकांना विचारतात, "हे गाव कोणतं म्हणायचं?" पारावर बोलणं चालतं, पाटकरी गेला कामातून. ज्या माणसासमोर मोठमोठे बागायतदार पाण्यासाठी हात जोडून उभे राहिले, त्याला कोणी अंगारा आणून देतं. मला राग आला. "मामा, लोक तुमाला येडं म्हणून राहिले."

"म्हणू दे की. ती चालून राहिली ना?"

फेरी संपली की परीक्षा, माझ्याच दुकानात. सात नंबरच्या चारीवरचे सगळे शेतकरी, वरच्या तोंडापासून पार खालच्या टोकापर्यंत, मामांनी ओळीनं म्हणायचे. यादी माझ्या हातात. मामा मुद्दाम चुकतात आणि मामी खेकसतात, "अवो, किसनराव राहिला की! त्याचं शेत काय तुमचा बाप भिजवणार?" लग्नानंतर कितीक वर्षं त्यांनी याच चारीनं मामांची भाकर नेली. आख्खी चारी त्यांना पाठ. परीक्षा मामींची चालली आहे, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. एक नाव त्यांनी सांगितलं की मामांचा जीव एक दिवसापुरता भांड्यात पडतो.

शेवटच्या नावाला मामा रोज अडतात. ते मामींच्या वडिलांचं. चारीच्या टोकाला त्यांचं शेत. तिथं पाणी पोचवता पोचवताच मामांचं लग्न ठरलं होतं. ते नाव मामी रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या जोरात सांगतात.

परवा मामा तिथं अडले. मामी काही बोलल्या नाहीत.

मामांनी डोकं खाजवलं. आधीचं नाव परत म्हणाले, जरा हळू. थांबले. मामींनी ओठ हलवले, माझ्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. मी यादीत मान खुपसून बसलो. काय करणार? मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते काही सोंग नव्हतं.

मामी घाबरून पुढं झाल्या. पदरानं त्यांचे डोळे पुसले.

"अवो, रडता काहून? न्हाई आठवलं तर न्हाई आठवलं. एका नावानं काय होतं? तुमी भिऊ नका. मी हाय ना."

मामा कसेबसे म्हणाले, "व्हय. तू हायस ना."

मामींनी त्यांचा हात धरला आणि जाता जाता मला हळूच म्हणाल्या, "दिलीप, यांचं आज जास्तच दिसून राहिलं रे बाबा. आणखी एक चक्कर मारून आणते यांना."