व्याह्यांच्या रायफलीची साइट

"ती रायफल टेबलावरून उचला आधी," पद्मिनी नवऱ्याला म्हणाली. "मला पोळ्या लाटायच्यात."

गुरुदत्त केळशीकरांनी रायफल उचलून सोफ्यावर निजवली. अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या त्या घरात आजवर आलेलं सर्वांत धोकादायक हत्यार म्हणजे विळी होती. पण लेक सावनीच्या साखरपुड्यात तिचे होणारे सासरे वॉल्टर यांनी घोंगडीत गुंडाळलेली, खालचा दांडा ओढून काडतूस बदलायची ही जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल व्याह्यांच्या हातात ठेवली होती. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी वॉल्टरच्या शेतावर सगळं घराणं लोखंडी ताटल्यांवर नेम धरतं. "आता तुम्ही घरचे झालात," वॉल्टर म्हणाले होते, "तर ही तुमची."

आहेर आला की तोडीस तोड परत करायचा, हे गुरुदत्तांच्या रक्तातच होतं. हा आहेर मात्र नेमानेच फेडावा लागणार होता. मुलीचा बाप ताटली सोडून गोठ्याला गोळी मारतो, ही गोष्ट एकदा सासरी पसरली की नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरली असती. गुरुदत्तांना ते सहन होण्यासारखं नव्हतं.

पहिल्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर त्यांनी वीस गोळ्या झाडल्या. ताटलीला ओरखडाही नाही. दोष मूळच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचा होता, असं त्यांचं ठाम मत पडलं. नळीवर दोन शिंगांची लोखंडी पट्टी, त्या शिंगांच्या बेचक्यात मोहरीएवढी खाच, आणि त्या खाचेतून पुढचा मणी धरायचा. गुरुदत्तांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वरच्या काचेतून ताटली दिसे, खालच्या काचेतून खाच दिसे. दोन्ही पाहण्यासाठी ते मान वर-खाली करत राहिले. शेवटी रेंजवरच्या माणसाने जवळ येऊन विचारलं, "तुम्ही मघापासून होकार कुणाला देताय?"

साइट बदलायचं ठरलं. गुरुदत्त एका विमा कंपनीत क्वालिटी मॅनेजर होते. तक्ता केल्याशिवाय त्यांनी कधी टोस्टरही घेतला नव्हता. अकरा रकान्यांचा तक्ता तयार झाला आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला. ग्रुपमधल्या एकानेही कधी बंदूक उडवली नव्हती, त्यामुळे सल्ले भरभरून आले.

"स्कोप घे यार," ग्रुपवरच्या पुरुषोत्तमने छातीठोकपणे सांगितलं. "ताटली डायरेक्ट नाकासमोर येते."

गुरुदत्तांनी दुर्बिणीसारखा तो स्कोप आणला आणि रायफलीच्या बरोब्बर माथ्यावर बसवला. या जुन्या रायफलीतून रिकामं काडतूस वरच्या बाजूने उडतं, हा रकाना तक्त्यात नव्हता. पहिली गोळी सुटली, त्यांनी लिव्हर ओढली, तापलेलं काडतूस स्कोपवर आपटलं आणि परत फिरून थेट त्यांच्या कॉलरमध्ये शिरलं. त्यांनी रायफल मात्र शिस्तीत खाली ठेवली आणि मगच नाचायला सुरुवात केली.

"मग रेड डॉट लाव," पुरुषोत्तम डगमगला नाही. "लाल ठिपका दिसतो, तो ताटलीवर ठेवायचा. लहान मूल पण करेल."

लहान मुलाच्या डोळ्यांना अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा दोष नसावा. गुरुदत्तांना त्या भिंगात एका ठिपक्याऐवजी द्राक्षांचा घड दिसला. कुठल्या द्राक्षाने नेम धरायचा हे ठरेपर्यंत रेंज बंद व्हायची वेळ झाली.

त्या संध्याकाळी काडतुसाने पोळलेल्या पाठीवर बर्फ लावून घेताना ते म्हणाले, "कुणाला विचारू आता? सगळ्यांना विचारून झालं."

"सगळ्यांना?" पद्मिनीने बर्फाची पिशवी जरा जोरात दाबली. ती बावीस वर्षं डोळे तपासत होती. अर्ध्या डब्लिनच्या नाकावर तिने दिलेल्या नंबरचे चष्मे होते. पण पिकतं तिथं विकत नाही. "अहो, अठ्ठावन्नाव्या वर्षी डोळा एका वेळी तीन अंतरं पकडत नाही. ती खाच काढून टाका. डोळ्याजवळ बारीक भोक असलेली साइट मिळते ना? भोकाकडे बघायचंच नाही, भोकातून बघायचं. पुढचा मणी आपोआप स्वच्छ दिसतो."

"पीप साइट! तक्त्यात तिला मी सर्वांत कमी मार्क दिलेत."

"मग तक्त्याचे डोळे तपासून घ्या."

गुरुदत्तांनी गराजमध्ये पितळी दांडी आणि हातोडी घेऊन जुनी साइट ठोकून बाहेर काढली, दह्याच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि पीप साइट बसवली. पुढच्या शनिवारी सहापैकी पाच ताटल्या वाजल्या. छाती दोन इंच फुगली. त्या फुगलेल्या छातीने त्यांनी घरी येऊन फर्मान काढलं, "गराजमध्ये दह्याचे चाळीस डबे साठलेत. टाकून दे एकदाचे!"

गेली वीस वर्षं या फर्मानाकडे पद्मिनीने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. या वेळी मात्र पाहुणे यायचे होते, म्हणून तिने ऐकलं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दुपारी सावनीचा फोन आला. "डॅड, जस्ट चेकिंग. तुम्ही ओरिजिनल साइटला टच नाही केलं ना? वॉल्टरच्या ग्रँडपांनी ती स्वतः हाताने बनवलीय. लाइक, इट्स द फॅमिली थिंग."

गुरुदत्त गराजकडे धावले. डब्यांची फळी लख्ख होती.

"पद्मिनी, डबे?"

"काल रिसायकलिंगची गाडी घेऊन गेली. तुम्हीच तर म्हणालात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेताकडे निघाले; ड्राइव्ह तासाभराची होती. बारशापासून जपलेल्या मुलीचं लग्न, आणि बापाने सासरची पिढीजात ठेव दह्याच्या डब्यातून कचऱ्यात घातलेली. तरी त्यांनी मनाशी ठरवलं होतं: चूक आपली आहे, ती ताठ मानेने सांगायची.

शेतावर वीसेक माणसं जमली होती. गुरुदत्त थेट वॉल्टरसमोर उभे राहिले. "वॉल्टर, तुमच्या आजोबांची साइट मी काढली आणि ती हरवली. कायमची. मला क्षमा करा."

सावनीने डोळे मिटले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या वॉल्टरनी हात पुढे केला, रायफल घेतली, गोळ्या भरल्या आणि त्या बारीक भोकाला डोळा लावला.

टण्ण. ते थबकले. टण्ण. टण्ण. सहाच्या सहा ताटल्या वाजल्या.

म्हाताऱ्याने टोपी सारखी केल्यासारखं करून डोळे पुसले. मग गुरुदत्तांचा दंड धरून त्यांना गोठ्यामागे नेलं.

"नऊ वर्षं," ते हळूच म्हणाले, "मला ती खाच दिसत नव्हती. नऊ वर्षं मी एकही ताटली पाडली नाही आणि पोरं 'वारा होता' म्हणून मला सांभाळून घेत होती. आजोबांची साइट काढायची हिंमत कुणाला नव्हती. मलाही नव्हती. म्हणून तर रायफल तुम्हाला देऊन टाकली."

गुरुदत्तांनी रायफलीकडे बोट केलं. "मग ही आता..."

"आता ही माझ्याकडेच राहील," वॉल्टर घाईने म्हणाले आणि रायफल दुसऱ्या काखेत घेतली. गुरुदत्तांची नेम धरायची पाळी अशी परस्परच टळली. त्यांनी बरं वाटल्याचं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

दोघे घराकडे वळले. पायरीशी वॉल्टर थांबले, आत गेले आणि आणखी एक घोंगडी काखोटीला मारून आले.

"ही आमच्या मोठ्या काकांची," ते इकडेतिकडे बघत कुजबुजले. "हिचीही साइट तेवढी हरवून द्याल का?"